टेस्ट पॉझिटिव्ह, एक्सरे क्लिअर, मग मला टीबी आहे की नाही?

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो म्हणून एक केस सांगते. सासऱ्यांना फुफ्फुसाचा टीबी निघाला आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, त्यातली सून माझ्याकडे आली. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, एक्सरे एकदम क्लिअर, फक्त रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह. तेवढ्यावरून तिने स्वतःचं ताट वेगळं काढलं होतं, दीड वर्षाच्या लेकीला जवळ घेणं बंद केलं होतं, लेक दाराबाहेर रडायची आणि ही आत मास्क लावून बसायची.

मी आधी तेच बोलले, ताई, लेकीला आजच जवळ घ्या. जंतू अंगात असणं वेगळं आणि आजार असणं वेगळं, झोपलेला टीबी कोणाला लागत नाही. पण लेकही आजोबांजवळ होतीच ना, तर तिचीही तपासणी लगेच करा, पाच वर्षांखालच्या मुलांना आजार पटकन होतो.

मग तिने विचारलं, शरीर त्याला मारून का टाकत नाही? तर होतं असं की जंतू फुफ्फुसात गेला की मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळतात. एरवी पेशीतल्या ॲसिडच्या पिशव्या गिळलेल्या जंतूच्या कप्प्याला येऊन मिळतात आणि जंतू संपतो, हा मात्र त्या पिशव्या मिळूच देत नाही. वर मेणासारखं जाड कवच, आणि खायला त्याच पेशीतलं कोलेस्टेरॉल! मग शरीर आजूबाजूला पेशींचा वेढा घालतं, गाठ बनते, आत ऑक्सिजन कमी पडतो आणि जंतू वाढणं जवळजवळ थांबवून वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. जगात साधारण दर चार माणसांत एकाला असा संसर्ग झालेला आहे, त्यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. एचआयव्ही, डायबेटिस, कुपोषण, तंबाखू यांनी वेढा कमजोर होतो.

म्हणूनच काही त्रास नसतानाही गोळ्या देतात, सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, कोणत्या ते डॉक्टर ठरवतात. त्याआधी आजार नाही याची खात्री करतातच, कारण खऱ्या आजारावर एकटं औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या उरलेल्या गोळ्या अजिबात घेऊ नका, प्लीज.

जाताना ती म्हणाली, कोर्स संपला की परत टेस्ट करते. मी म्हटलं नका करू, ती टेस्ट नंतरही पॉझिटिव्हच येऊ शकते आणि तुम्ही परत ताट वेगळं काढाल. त्यापेक्षा दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन कमी, यातलं काही वाटलं तर सरळ डॉक्टरांकडे जा.