भिंत तुम्ही पाडलीत, खिडक्या आधीच्या मालकाने बदलल्या

प्रश्न: इंग्लंडमधल्या विल्टशायरच्या एका खेड्यात आम्ही ग्रेड टू यादीतलं, म्हणजे संरक्षित ऐतिहासिक इमारत म्हणून नोंदलेलं, जुनं दगडी घर घेतलं. आधीच्या मालकाने लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवल्या होत्या. गाडी आत घेण्यासाठी आम्ही अंगणाच्या जुन्या भिंतीचा तुकडा पाडला. पॅरिश कौन्सिलचे (गावच्या स्थानिक मंडळाचे) अध्यक्ष ‘हरकत नाही’ म्हणाले होते. आता संवर्धन अधिकाऱ्यांचं पत्र आलंय. काय करावं?

उत्तर: आधी त्या भिंतीचे दगड जपा. एकही टाकू नका. भिंत होती तशी बांधायला तेच लागतील.

यादीत भिंतीचा उल्लेख नसला, तरी ती १ जुलै १९४८ च्या आधीपासून घराच्या आवारात उभी असेल, तर १९९० च्या यादीतल्या इमारतींच्या कायद्याने घराबरोबर तिलाही संरक्षण मिळतं. विनापरवानगी पाडकाम हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंडाला कमाल मर्यादा नाही. ‘माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही. अध्यक्षांच्या तोंडी होकाराचाही उपयोग नाही. पॅरिश कौन्सिल फक्त मत देते, परवानगी विल्टशायर कौन्सिल देते. म्हणून पत्रात ‘इंटरव्ह्यू अंडर कॉशन’ (गुन्ह्याच्या संशयावरून होणारी औपचारिक चौकशी) हे शब्द आहेत का, ते आजच पाहा. असतील तर वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देऊ नका. तिथलं बोलणं कोर्टात पुरावा ठरतं.

खिडक्यांचा गुन्हा तुमचा नाही, पण त्या बदलण्याची नोटीस आजच्या मालकाला, म्हणजे तुम्हालाच येऊ शकते. कितीही वर्षं उलटली तरी. हे अन्यायाचं वाटेल, मलाही वाटतं, पण कायदा इमारतीच्या मागे जातो. नोटीस आलीच, तर ती अमलात येण्याच्या तारखेआधी अपील करा. ती तारीख चुकली की अपिलाचा हक्क गेला.

यादीतल्या इमारतीत बदल करण्याच्या परवानगीच्या अर्जाला फी नाही. केलेलं काम तसंच राहू द्या, असा अर्जही करता येतो, पण परवानगी मिळाल्या दिवसापासूनच लागू होते, झालेला गुन्हा पुसला जात नाही. प्लास्टिकच्या खिडक्यांना मंजुरीची आशा धरू नका. लाकडी खिडक्यांचा नकाशा घेऊन अधिकाऱ्यांना भेटा, मात्र वकिलाला सोबत घेऊनच.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याने भरलेला माहितीचा फॉर्म शोधा. त्यात त्याने बदल लपवले असतील, तर खर्च त्याच्याकडून मागता येईल. वकिलाने तेव्हा इन्डेम्निटी विमा (आधीच्या विनापरवानगी बदलांमुळे येणारा खर्च भरून देणारा) काढला असेल, तर त्याच्या अटी कौन्सिलला काहीही कळवण्याआधी वाचा. आपणहून संपर्क साधला की असा विमा बहुधा रद्द होतो.