११ वेळा लावूनही होत नाही

संशोधन करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी बहुधा झोपेची तक्रार घेऊन येतात. ही मात्र बसता बसताच म्हणाली, “सर, मला पीएच.डी. सोडायचीय.” सेंद्रिय रसायनशास्त्र, तिसरं वर्ष. (ओळख लागू नये इतपत तपशील बदलले आहेत.) एकच रिअ‍ॅक्शन ११ वेळा लावून झाली होती, हवं ते संयुग एकदाही मिळालं नव्हतं. पाच आठवडे ती गाइडना टाळत होती. “ते रागावत नाहीत हो. पण ‘काय झालं?’ विचारतात, तेव्हा सांगायला काहीच नसतं.”

जगणंच नकोसं वाटतं का, हेही विचारून घेतलं. तसं नव्हतं.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, काही विद्यार्थ्यांना पीएच.डी.चं मार्गदर्शनही केलं. त्यामुळे तिचं ते ‘काहीच नसतं’ मला खटकलं.

“११ वेळचे टीएलसी आहेत?” (टीएलसी म्हणजे मिश्रणातले पदार्थ एका प्लेटवर वेगवेगळ्या ठिपक्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी.)

“वहीत काढलेत.”

“मग काहीच नाही कसं?”

ही सवय कुठून लागते ते मला ठाऊक आहे, कारण लावणाऱ्यांत मीही होतो. पदवीच्या प्रॅक्टिकलला आम्ही देतो ते प्रयोग होणारेच असतात. टायट्रेशनचं उत्तर शिक्षकाला आधीच माहीत असतं. ब्युरेटची दोन रीडिंग जुळली की कितीतरी मुलं तिसरं न घेताच १०.२ लिहून मोकळी होतात. मला ते कळायचं. तरी जुळवलेल्याला मी पूर्ण गुण दिले आणि आलं तसं लिहिणाऱ्याचे कापले. पाच वर्षं असं वळण लावून मग त्याच मुलांना अशा टेबलापाशी उभं करतो, जिथलं उत्तर गाइडलाही माहीत नसतं!

तिला चार्ल्स पेडरसन यांची गोष्ट सांगितली. ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत काम करताना त्यांना नको असलेले पांढरे स्फटिक मिळाले, तेही जेमतेम ०.४ टक्के. ते टाकून न देता त्यांनी तपासले. तो क्राउन ईथर निघाला, म्हणजे धातूच्या आयनाला आपल्या कड्यात धरून ठेवणारा रेणू. १९६७ मध्ये शोधनिबंध, १९८७ मध्ये नोबेल. आणि पेडरसन यांच्याकडे पीएच.डी. नव्हती. “म्हणजे सोडली तरी चालेल,” ती म्हणाली. माझा नेम चुकला होता. खचलेल्या माणसाला नोबेलच्या गोष्टी सांगू नयेत, हे मी अजून शिकतोय.

मग साधं काम दिलं. ‘झालं’, ‘नाही झालं’ हे शब्द वापरायचे नाहीत. प्रत्येक वेळी काय घातलं, आदल्या वेळेपेक्षा काय बदललं, प्लेटवर कोणते ठिपके दिसले, एवढंच एका कागदावर लिहायचं आणि तो कागद घेऊन गाइडकडे अर्धा तास मागायचा. सोडायचं की नाही ते नंतर.

दोन आठवड्यांनी आली ती चिडलेलीच. ११ पैकी ८ वेळा मधोमध तोच एक ठिपका होता. गाइडनी तो पदार्थ कॉलम लावून वेगळा करायला लावला, तर रेणूतलं अणूंचं वलय भलत्याच ठिकाणी बंद होत होतं. “हा मार्ग मीच सुचवला होता, चुकलाच,” असं सर म्हणाले म्हणे. “आणि मी पाच आठवडे लायब्ररीत लपत होते!”

सोडायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. पुढची वेळ घेताना मात्र म्हणाली, “गुरुवारी नको सर, कॉलम लावायचाय.”