मन नसताना उपासनेला जाणं म्हणजे ढोंग का?

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही पिंपरीला राहतो, मूळचे नगरकडचे. मिस्टरांच्या कंपनीत मार्चपासून माणसं कमी करतायत, यांचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही, घराचा हप्ता चालू, मुलगी बारावीला. मी लहानपणापासून चर्चला जाणारी पण हल्ली उपासनेला बसले की डोक्यात नुसता हिशोब, तोंडानं गाणं म्हणते पण मन तिथे नसतं. हे ढोंगच झालं ना? मिस्टर म्हणतात रविवारी तरी झोपू दे. आणि शेजारची एकजण म्हणते आमच्या प्रार्थनासभेला चल, पैशाचं 'बीज' पेरलं की नोकरी टिकते. काय करू?

उत्तर : सलाम ताई. आधी बीजाचं बोलते कारण ते सोपंय, नका जाऊ. देवाला अ‍ॅडव्हान्स देऊन नोकरी बुक करायची याला अर्पण नाही म्हणत, आणि उद्या नोकरी गेलीच तर हीच माणसं म्हणतील तुमचाच विश्वास कमी पडला. अर्पणाच्या पिशवीत नेहमीचे दहा-वीस टाकता ना, तेवढे बास.

आता ढोंगाचं. बायबलातलं तेरावं स्तोत्र काढून बघा, सहाच वचनं आहेत, पहिल्या दोनातच ते गाणारा माणूस देवाला चारदा विचारतो, अजून कुठवर? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी गोडगोड काही नाही, आणि ही सगळी उपासनेत गायची गाणी होती बरं का. मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, तो आजारी पोराचा बाप एकाच दमात म्हणतो माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालव, येशूनं काही त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणून माघारी नाही धाडलं, पोरगं बरं केलं.

माझं सांगते. मिस्टर आयसीयूत होते तेव्हा मी कित्येक रविवार मागच्या बाकावर बसायचे, 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाची जुनी प्रत, पाठीला खाकी चिकटपट्टी, नुसती हातात धरून, एक ओळ गायले नाही. शेजारची आजी गायची, अगदी बेसूर आणि मोठ्यानं, तिच्यावरच माझं भागायचं. चर्चची मंडळी असते ती यासाठी, असं माझं मत.

आणि पंडिता रमाबाई बघा. आईवडील, बहीण दुष्काळातच गेलेली, १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून पुढचं काही सोपं झालं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. उपाशी पोट काय असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर चालू होतं, ते त्यांनी सोडलं नाही, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. रोज सकाळी उठून त्यांना विश्वास 'वाटत' असेल असं मला नाही वाटत, पण काम घेऊन बसायच्या. मला भरवसा म्हणजे साधारण हेच कळतं.

मिस्टरांना ओढू नका, झोपू देत, त्यांचंही डोकं तापलेलं असणार. पाळकसाहेबांना मात्र नुसतं 'प्रार्थनेत आठवण ठेवा' म्हणू नका, कंपनीचं, हप्त्याचं सगळं खरं सांगा, मंडळीत कुणाचा भाऊ चाकणला असतो कुणाचा जावई रांजणगावला, कळलं तर शब्द टाकतील ना. आणि बँकेत पगार चालू आहे तोवरच जाऊन विचारा हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का, पगार थांबल्यावर तेच बोलणं फार जड जातं. अर्धा दिवस रजा पडली तरी चालेल, पण मिस्टरांना सोबत न्या, कर्ज त्यांच्या नावावर असेल तर सही त्यांचीच लागणार.