तामिळनाडूची औषधखरेदी देशभर नेता येईल का?

आपला प्रश्न असा आहे की, तामिळनाडूची औषधखरेदीची पद्धत इतकी नावाजलेली असेल, तर केंद्राने तशीच एक संस्था काढून सर्व राज्यांसाठी औषधे का घेऊ नयेत. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी म्हणून बरीच वर्षे काम केल्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. माझे मत असे की पद्धत अवश्य घ्यावी, पण खरेदी दिल्लीत नेऊ नये.

तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ 1994 साली स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी त्याचा पुरवठा सुरू झाला. एकत्र खरेदीने दर उतरतात हे सगळेच सांगतात. त्या व्यवस्थेचे खरे बळ मात्र मला गोदामात आणि पासबुकात दिसते. प्रत्येक रुग्णालयाची वर्षाची रक्कम पासबुकात नोंदलेली असते आणि त्या मर्यादेत ते जिल्ह्याच्या गोदामातून गरजेप्रमाणे औषधे उचलते, म्हणजे काय हवे हे वापरणाराच ठरवतो. गोदामातील साठ्याची नोंद संगणकावर असल्याने तो उतरू लागताच पुढची मागणी नोंदवता येते. आलेल्या मालाचे नमुने निर्मात्याचे नाव झाकून प्रयोगशाळेत जातात आणि ते उत्तीर्ण झाल्यावरच औषध वाटले जाते.

आमच्याकडे वर्षातून एकदा मागणीपत्र जाई, तेही मागच्या वर्षीच्या आकड्यांत थोडी भर घालून. खोकल्याच्या बाटल्या मुदत संपेपर्यंत पडून असत आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र मध्येच संपत. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला खिडकीतून ‘बाहेरून घ्या’ असे सांगताना काय वाटते, ते मी अजून विसरलेलो नाही.

राजस्थानने आधी स्वतःचे महामंडळ उभारले आणि त्याच्या आधारावर 2 ऑक्टोबर 2011 पासून मोफत औषध योजना सुरू केली. त्याच वर्षी डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने नियोजन आयोगाला तामिळनाडूच्या धर्तीची व्यवस्था सुचवली आणि औषधांवरील सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.1 टक्क्यावरून 0.5 टक्क्यापर्यंत न्यावा अशी शिफारस केली. पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून मोफत औषधांसाठी राज्यांना निधी मिळू लागला.

महाराष्ट्राने 2017 साली खरेदीचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवले. त्या संस्थेची हयात लस बनवण्यात गेली होती. हजारो वस्तूंची खरेदी आणि वितरण हे सर्वस्वी वेगळे काम आहे. अखेर 2023 साली कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमावे लागले.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे, आणि त्यामागे व्यवहारही आहे. भातलावणीच्या दिवसांत कोकणात सर्पदंशावरील लस किती लागेल, गडचिरोलीत हिवतापाच्या गोळ्या कधी पोहोचल्या पाहिजेत, हे जिल्ह्याच्या जितके जवळ ठरेल तितके बरे. केंद्राने पैसा द्यावा आणि त्याला तीन अटी जोडाव्यात: पासबुक, वाटपापूर्वी तपासणी आणि पुरवठादाराला वेळेवर देयक. तिसरी अट किरकोळ वाटेल, पण देयके रखडली की चांगले उत्पादक निविदा भरणेच सोडून देतात.

आपल्या राज्यातील नव्या प्राधिकरणाचे काम पाहायचे असेल, तर मी निविदांच्या रकमांपेक्षा एकच गोष्ट आधी तपासेन: जिल्ह्याच्या गोदामात आज रक्तदाबाच्या गोळ्यांचा किती महिन्यांचा साठा आहे, आणि तो आकडा वर बसलेल्यांना न विचारता दिसतो का.