घोषणा देते, पण खात्री नाही

मी समुपदेशक आहे. युद्धाची भाषा सुरू झाली की माझ्यासमोरच्या खुर्चीतून एक प्रश्न हमखास येतो : ‘मी ढोंगी आहे का?’ युद्धविरोधी मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही, कारण मन विचारतं, समोरचा चालून आला तर काय करायचं? दुसरीकडे, मुलगा सैन्यात असलेले वडील चारचौघांत ‘धडा शिकवायलाच हवा’ म्हणतात आणि माझ्याकडे आल्यावर ‘हे सगळं कशासाठी?’ म्हणून रडतात. बाजू वेगळ्या, टोचणी तीच.

अशाच एक प्राध्यापकबाई आल्या होत्या. ओळख कळेल असे तपशील बदलले आहेत.

“मॅडम, परवापर्यंत माझं सगळं स्पष्ट होतं. युद्ध नको म्हणजे नको. मग त्या हल्ल्यात मेलेल्या मुलांचे फोटो पाहिले आणि मनात आलं, द्या एकदा उत्तर. आता सभेत मला बोलायला सांगितलंय. कोणत्या तोंडानं बोलू?”

खात्री परत मिळवण्यासाठी त्या पहाटेपर्यंत वाचत होत्या. बाजूचे लेख, विरोधातले लेख, नकाशे, चर्चा. जितकं वाचत, तितक्या डळमळत. हे युद्ध योग्य की अयोग्य, असं त्यांनी मला अनेकदा विचारलं. मी त्या वादात शिरले नाही. समुपदेशकानं शिरूच नये, या मताची मी आहे. मत मांडायची हौस असेल तर लेख लिहावा. समोरच्याच्या वेळेत ती भागवू नये.

माझी भिस्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर. माणूस प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दल स्वतःला जे बजावत राहतो, त्यानं जास्त पोळतो, हे एलिस यांनी 1955पासून मांडलं. बाईंना शंका छळत नव्हती. ‘भूमिका घेणाऱ्याला शंका येताच कामा नये’ हा त्यांनी स्वतःच काढलेला हुकूम छळत होता. पण हे त्यांना सांगून भागणार नव्हतं. हुशार माणसं असं काही सांगितलं की ‘पटतंय’ म्हणतात आणि तशीच घरी जातात.

एकदा मी विचारलं, “मोर्चात तुम्ही नेमकं काय मागता?”

“युद्ध थांबवा.”

“ते तर अजून सुरू झालेलं नाही.”

“मग… घाई करू नका. पुन्हा विचार करा. आपलं चुकत असेल, हे गृहीत धरून बघा.”

“म्हणजे निर्णय घेणाऱ्यांनी स्वतःच्या खात्रीवर शंका घ्यावी?”

“अर्थात!”

“आणि तुम्ही तुमच्या खात्रीवर घेतलीत, की ते ढोंग?”

बाई गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. अशा वेळी बोलण्याचा मोह आवरणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड काम. बऱ्याच वेळानं त्या एकदम हसल्या. “सरकारनं करावं म्हणून मी रस्त्यावर ओरडतेय आणि घरी स्वतःला तेच करू देत नाहीये!”

असा प्रश्न आधी ठरवून सुचत नाही. वर्षानुवर्षं ऐकत राहिलं की कधीतरी सुचतो, आणि सुचला की मलाही बरं वाटतं. ते कशाला लपवू?

मग मी त्यांना आइनस्टाइन यांच्याबद्दल सांगितलं. 1930मध्ये ते तरुणांनी लष्करी सेवा नाकारावी असं जाहीरपणे सांगत होते. हिटलर सत्तेवर आल्यावर, 1933मध्ये, ‘आज मी बेल्जियन असतो तर सेवा नाकारली नसती’ अशी भूमिका त्यांनी घेतली. शांततावादी मित्र दुखावले. पण त्यांनी बदल उघड केला, कारणही दिलं. याच्या उलट अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा. व्हिएतनाम युद्धाबद्दलच्या शंका त्यांनी 1967मध्ये अध्यक्षांना लिहून कळवल्या, 1968मध्ये पद सोडलं, पण ‘आम्ही चुकलो’ हे जाहीरपणे लिहायला 1995 उजाडलं. शंका दोघांनाही आली होती. ढोंग शोधायचंच असेल, तर शंका आली की नाही हे न बघता तिचं पुढे काय केलं, ते बघावं.

या टोचणीनं जागणाऱ्यांना मी एक काम देते. कागदावर तीन प्रश्न वेगवेगळे लिहा. हे युद्ध योग्य आहे का? माझं माणूस सुखरूप राहील का? लोक मला काय म्हणतील? हे तिन्ही एकात एक मिसळले की माणूस तिसऱ्याची भीती पहिल्याचं उत्तर म्हणून मिरवतो. ‘देशद्रोही म्हणतील’ म्हणून युद्धाला पाठिंबा देणारे मी पाहिलेत, आणि ‘मित्र तोडतील’ म्हणून मोर्चात चालणारेही. दुसऱ्या प्रश्नाला तर उत्तरच नसतं. ती काळजी असते आणि ती काळजी म्हणूनच कुणाजवळ तरी बोलावी लागते. सैनिकाच्या वडिलांना मी हेच सांगते : मुलाजवळ युद्धाचा वाद घालू नका, पण ‘भीती वाटतेय’ हे म्हणा. बहुतेक वेळा तोही तेच म्हणायला वाट पाहत असतो.

बाई सभेत बोलल्या. त्या फोटोंनी आपण हललो, सूड घ्यावासा वाटला, तरीही आज युद्धाला विरोध का आहे, असं सगळं सांगितलं. टाळ्या कमी पडल्या. आयोजकांपैकी एकानं नंतर ऐकवलं की अशानं चळवळ कमकुवत होते. बाईंनी त्याच्याशी वाद घातला, आणि त्या रात्री, त्यांच्याच शब्दांत, ‘नकाशे न बघता’ झोपल्या.