मार्कांवरून मास्तर मोजायचे म्हणतेस, तर आधी हे वाच

अगं, तुझा मेसेज मिळाला, नीट दोनदा वाचला. जिल्ह्यातल्या सगळ्या झेडपी शाळांच्या चाचण्यांचे मार्क एका ठिकाणी आणायचे, त्यावरून प्रत्येक शिक्षकाला हिरवा-पिवळा-लाल रंग द्यायचा, आणि पुढेमागे तोच रंग वेतनवाढीला जोडायचा असं तुझ्या वरच्या साहेबांच्या डोक्यात आहे आणि मॉडेल बनवायचं काम तुझ्याकडे आलंय. "सर, बरोबर की चूक, एका ओळीत सांगा" म्हणालीस. डाएटमध्ये (शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा संस्थेत) जन्म काढून रिटायर झालेल्या माणसाला असं विचारल्यावर एक ओळ येत नसते, पत्र येतं. चहा घेऊन बस.

आधी एक सांगतो, शिक्षकांच्या ग्रुपवर जे फिरत असतं ना की आमचं काम मोजताच येत नाही, हे पवित्र कार्य आहे, गुरुर्ब्रह्मा वगैरे, त्याला भुलू नको. मोजता येतं, अर्धवट येतं पण येतं. राज चेट्टी नावाचा दिल्लीत जन्मलेला अर्थशास्त्रज्ञ आहे, त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या दहा लाखांवर मुलांचे शाळेतले मार्क आणि मोठेपणीचे टॅक्सचे रेकॉर्ड जोडून पाहिले, तर ज्या शिक्षकांकडे मुलांचे मार्क अपेक्षेपेक्षा जास्त वाढतात त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे कॉलेजात जास्त गेली, कमाई जास्त झाली. तळातल्या पाच टक्क्यांतला शिक्षक काढून तिथं साधा सरासरी शिक्षक दिला तरी एका वर्गाच्या आयुष्यभराच्या कमाईत आजच्या किमतीने अडीच लाख डॉलरची भर पडते असा त्यांचा हिशोब. तेव्हा गुरुजी कोणीही असला तरी काय फरक पडतो, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. आपल्या शेजारी तेव्हाच्या अखंड आंध्रात, ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत, २००५ पासून प्रयोग झाला होता, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा. मुलांचे मार्क जेवढे वाढतील त्या मानाने शिक्षकाला बोनस. दोन वर्षांत बोनसवाल्या शाळांची मुलं गणितात ०.२७ आणि भाषेत ०.१७ स्टँडर्ड डेव्हिएशनने पुढे गेली (म्हणजे मुलामुलांच्या मार्कांत जेवढं अंतर असतं त्या मापाने; तुला हे आकडे कळतात, मला समजून घ्यायला एक रविवार लागला होता), आणि गंमत म्हणजे विज्ञान आणि समाजशास्त्राला बोनस नव्हता तरी त्यातही मुलं सुधारली. पण तुझ्या साहेबांना हा पेपर दाखवशील तेव्हा बारीक अक्षरातलं पण दाखव. बोनस वर्षाच्या पगाराच्या साधारण तीन टक्के, कुणाचा पगार कापला नाही, कुणाला लाल रंग दिला नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परीक्षा बाहेरच्या लोकांनी घेतली आणि बाहेरच्यांनीच तपासली. शिक्षकांचं गैरहजर राहणं मात्र त्यानेही कमी झालं नाही, आले त्या दिवशी जास्त शिकवलं एवढंच.

आता तुझ्या कामाचं बोलू. तू जे मॉडेल लावणार आहेस त्याचा खापरपणजोबा म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा विल्यम सँडर्स, मूळचा शेतकी संख्याशास्त्रवाला माणूस, ९० च्या दशकात त्याची पद्धत त्या राज्याने शाळांना लावली. मुलाचे मागचे मार्क बघून यंदा किती पडायला हवेत ते काढायचं, प्रत्यक्षात किती पडले ते बघायचं, फरक शिक्षकाच्या नावावर. मग २००९ मध्ये ओबामा सरकारने रेस टू द टॉप म्हणून ४३५ कोटी डॉलरची स्पर्धा काढली, ज्या राज्यांना पैसे हवेत त्यांनी शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या प्रगतीला जोडायचं, आणि मंदीत पैसे कुणाला नको होते, भराभर बऱ्याच राज्यांनी कायदे केले.

झालं काय तर आकडा हलायला लागला. न्यूयॉर्क शहराने २०१२ मध्ये सुमारे १८ हजार शिक्षकांची रेटिंग नावानिशी बाहेर काढली, त्यात शिक्षकाला शंभरातला नंबर होता आणि त्या नंबरची अनिश्चितता सरासरी गणितात ३५ आणि इंग्रजीत ५३ अंकांएवढी रुंद. म्हणजे इंग्रजीच्या ज्या बाईंचा नंबर पन्नासावा छापला त्या खऱ्या पंचविसाव्याही असू शकतात आणि पंच्याहत्तराव्याही, आणि पेपरात मात्र पन्नास छापून आलं, शेजारच्यांनी वाचलं, पालकांनी वाचलं. त्याच राज्यातल्या ग्रेट नेकच्या शेरी लेडरमन म्हणून चौथीच्या बाई, त्यांना एका वर्षी २० पैकी १४ आणि पुढच्या वर्षी २० पैकी १. बाई त्याच, शिकवणं तेच, दोन्ही वर्षी मुलं राज्याच्या सरासरीच्या कितीतरी पुढे. नवरा वकील होता, तो कोर्टात गेला आणि २०१६ मध्ये जजने तो १ मार्क मनमानी म्हणून रद्द केला. नवरा वकील नसलेल्यांचं काय हा वेगळा प्रश्न.

हे सगळं पंचवीस-तीस मुलांच्या वर्गांत. तुझ्या जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट किती आहे बघितलंस का? चौथीत सात मुलं, त्यातली दोन बहिणी-बहिणी, परीक्षेच्या आठवड्यात घरी लग्न. सात मुलांच्या सरासरीवर रंग देणार आहेस? आणि तो रंग कोणाला देणार तेही सांग, कारण साठपर्यंत पट असला की शिक्षक दोन, वर्ग चार, म्हणजे एक गुरुजी पहिली-तिसरी घेतात नि दुसरे दुसरी-चौथी, त्यात एकाला बीएलओचं (मतदारयादीचं) काम लागलं की महिनाभर चारही वर्ग दुसऱ्याकडे. सरल या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मात्र वर्गशिक्षक म्हणून एकच नाव. तुझं मॉडेल त्या नावावर विश्वास ठेवणार.

बीड जिल्हा तुझ्या यादीत आहे ना, मग एवढं तरी कर, ऊसतोडीचा एक कॉलम मागून घे. पायाभूत चाचणी होते पावसाळ्यात तेव्हा पोरगं शाळेत असतं, दिवाळी झाली की आईबापाबरोबर कारखान्याच्या फडावर, परत येतं मार्च-एप्रिलला, कधी हंगामी वसतिगृहात राहतं पण सगळीच नाही राहत. हजेरीपटावर नाव आहे म्हणून ते पोरगं शिक्षकाच्या हिशोबात धरायचं का? धरलं तर त्या गावात कुठलाच शहाणा शिक्षक बदली मागणार नाही. न धरलं तर "स्थलांतरित" असा शिक्का मारून कच्ची पोरं हिशोबाबाहेर काढायची वाट तू स्वतःच उघडून देशील. दोन्हीकडून अडचण आहे आणि यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दाखव एवढंच सुचतं.

तू म्हणशील मागचे मार्क धरले की गरिबी, घरची परिस्थिती आपोआप धरली जाते. सगळी नाही. जेसी रॉथस्टीन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने नॉर्थ कॅरोलायनाच्या डेटावर फार खट्याळ चाचणी लावली होती, पाचवीच्या शिक्षकाचा मुलाच्या चौथीतल्या प्रगतीवर परिणाम दिसतो का बघितलं. आता पाचवीच्या बाई मुलाला भेटायच्याच आहेत, चौथीवर परिणाम कसा होईल? पण दिसला! म्हणजे कुठलं पोरगं कुठल्या बाईंकडे जातं हे आधीच ठरलेलं असतं आणि मॉडेलला ते सगळं दिसत नाही. चेट्टींचं आणि त्याचं यावरून पुढे बरंच लेखी भांडण झालं, ते वाच, मजा येईल. पण अहवालाआधी हीच चाचणी तुझ्या डेटावर लावून बघ, तुझ्या साहेबांनी सांगितलं नसलं तरी.

बरं, इथपर्यंत मी मोजमापातल्या त्रुटींबद्दल बोलतोय, त्या काही प्रमाणात दुरुस्त होतात, तीन-चार वर्षांची सरासरी घे, रेंज दाखव, वगैरे. माझी खरी भीती वेगळी आहे. आकडा पगाराला बांधला की आकडाच नासतो. तो मग पोराला काय येतं ते सांगत नाही, शाळेला काय हवंय ते सांगतो.

हे नवीन नाही गं. १८६२ मध्ये इंग्लंडने हेच केलं होतं, शाळेचं अनुदान परीक्षेच्या निकालावर. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर साहेब येणार, पोराचं वाचन, लेखन, गणित घेणार, नापास झालेल्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापणार. मास्तरांनी काय केलं असेल? वाचनाचं पुस्तक पोरांकडून अख्खं पाठ करून घेतलं. ज्याला पैसे नव्हते ते इतिहास-भूगोल मागे पडले. मॅथ्यू आर्नोल्ड हा मोठा कवी स्वतः तेव्हा शाळा इन्स्पेक्टर होता, तो सरकारी नोकरीत राहून याविरुद्ध लिहीत राहिला, तरी ती पद्धत संपायला तीसेक वर्षं गेली. आणि अमेरिकेतलं अटलांटा तर परवाचं, तिथं २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतले १७८ शिक्षक-मुख्याध्यापक सापडले, मुलांच्या उत्तरपत्रिका खोडरबरने पुसून बरोबर उत्तरं भरणारे, २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले, तेसुद्धा माफियांसाठी केलेल्या कायद्याखाली. ही माणसं जन्मजात चोर होती असं मला नाही वाटत. टार्गेट दिलं, बोनस दिला, नोकरीची भीती दिली, आणि पेपर त्यांच्याच कपाटात ठेवले.

आपल्याकडचं तर तुला माहितीच असेल, नसेल तर तुझ्या आईला विचार, त्या तेव्हा नोकरीत होत्या. ऑक्टोबर २०१७ चा शासन निर्णय. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी कुणाला, तर ज्याची शाळा शाळासिद्धीत (शाळांच्या सरकारी मूल्यांकनात) अ श्रेणीत आहे आणि नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर आहे त्याला. आता विचार कर, दहावीचा निकाल बोर्ड लावतं, पण नववीचा कोण लावतं? शाळाच. शाळासिद्धीचे गुण आधी कोण भरतं? शाळाच. आणि दहावीचा निकाल वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय शिकवणं हा नाहीच, कच्च्या पोराच्या बापाला बोलावून "सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा" म्हणणं हा आहे. निकाल शंभर टक्के, फ्लेक्स गावभर. शिक्षकांनी आंदोलनं केली आणि दोनेक वर्षांत सरकारनेच ती अट मागे घेतली. तुझ्या रंगांच्या डॅशबोर्डची कल्पना मला त्याच जातीची वाटली म्हणून एवढं पाल्हाळ लावतोय.

तर काम सोडू नको, तू सोडलंस तर दुसरं कुणीतरी तीन दिवसांत एक्सेलमध्ये रँक काढून देईल. मॉडेल बनव पण रंग शिक्षकाला देऊ नको, प्रश्नाला दे. म्हणजे अमुक केंद्रातल्या (शाळांच्या गटातल्या) तिसरीची पोरं हातच्याच्या वजाबाकीत अडली आहेत, तीन वर्षं अडली आहेत, हे दाखव आणि केंद्रप्रमुखाला तिथं जायला सांग, वर्गात बसून बघायला सांग. आकडा बघून कुणाकडे जायचं ते ठरव, काय झालंय ते तिथं जाऊन कळतं. काही शिक्षक खरंच शिकवत नाहीत, तेही तिथं गेल्यावर कळतं, आणि त्यांच्यावर कारवाई करायला आजचे नियम पुरे आहेत, करायची हिंमत नसते म्हणून मॉडेल हवं असतं साहेबांना.

पहिली-दुसरीच्या बाईंना विसरू नको. चाचणीचा गाजावाजा सगळा वरच्या वर्गांचा, वाचायला शिकवलं त्यांनी, श्रेय चौथीला. फ्लोरिडात तर शिक्षकांना त्यांनी कधी शिकवलंच नाही अशा मुलांच्या मार्कांवरून रेटिंग दिली होती, २०१४ मध्ये कोर्टाने अन्यायकारक म्हटलं पण घटनाबाह्य नाही म्हणून सोडून दिलं. त्या वाटेला जाऊ नको.

आणि एका गोष्टीवर अडून बस. शिक्षकाला स्वतःचा आकडा स्वतः तपासता आला पाहिजे, कुठली पोरं धरली, कुठले मार्क धरले, कसं काढलं, सगळं मराठीत. ह्यूस्टनमध्ये खाजगी कंपनीचं सॉफ्टवेअर होतं, सूत्र गुपित, चूक सापडली तरी एकाचा आकडा दुरुस्त करायचा तर सगळ्यांचे बदलतात म्हणून दुरुस्ती नाही, आणि त्यावरून नोकऱ्या जायची वेळ. शिक्षक कोर्टात गेले, २०१७ मध्ये जजने सांगितलं की ज्याला स्वतःचा स्कोअर तपासताच येत नाही त्याला न्याय्य संधी मिळाली असं कसं म्हणायचं, मग त्याच वर्षी तडजोड झाली. तुझ्या करारात कोड कुणाच्या मालकीचा लिहिलाय ते आजच बघ.

साहेब म्हणतील पगाराला जोडल्याशिवाय कुणी हलत नाही. त्यांना सांग, गेट्स फाउंडेशनने आणि तिथल्या काही जिल्ह्यांनी मिळून शिक्षक मूल्यमापन सुधारायच्या एका प्रकल्पावर साडेसत्तावन्न कोटी डॉलर घातले, २०१८ मध्ये रँड या संशोधन संस्थेचा अहवाल आला, मुलांच्या शिकण्यात म्हणावा असा फरक नाही. ते लगेच वॉशिंग्टन शहराचं (राजधानीचं) उदाहरण देतील, तिथं कडक मूल्यमापनाने सुधारणा दिसली, आणि ते खरंही आहे, नाकारू नको. फक्त विचार की तिथं वर्षातून अनेकदा कुणीतरी वर्गात बसून शिकवणं बघत होतं, चांगल्यांना भरपूर जादा पैसे होते, आपल्याकडे यातलं काय आहे, केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या जागा किती आहेत.

मसुदा पाठव, बघतो. फक्त फाइलमधून शिक्षकांची नावं आणि शाळांचे यूडायस नंबर काढून पाठव, मी रिटायर माणूस आहे, मला ते दिसायला नकोत, आणि खरं तर तुझ्या टीममधल्या निम्म्या लोकांनाही नकोत.