काल होता तिथंच आहे का, हे आधी पाहजो

बेटा,

तू काढलेला आकाशाचा फोटो रात्री साडेअकराला आला, मी जागाच होतो, पण तेव्हा दोन ओळीत उत्तर दिलं असतं तर तू हिरमुसली असती म्हणून आज सकाळी निवांत बसून लिहून राहिलो. तुला धूमकेतू वाटला तो धूसर डाग धूमकेतू नाही. पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ आहे तो, ज्या पुष्याच्या पावसाची आपण वाट पाहतो तेच पुष्य, अंधारात साध्या डोळ्यांनी बोंडातून निघालेल्या कापसासारखं दिसतं. पण रात्रीची लाईन आली म्हणून हरभऱ्याच्या ओलिताला गेलेली पोरगी बारे बदलता बदलता वर पाहते आणि तिला तो डाग वेगळा वाटतो, याचा मला लई आनंद झाला, खरंच सांगतो.

फोनवर मी तुला एकच विचारलं, काल तो तिथंच होता का? तू म्हणाली, सर, ते नाही पाहिलं. बस, तेवढंच शिकायचं आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येते.

शार्ल मेसिए नावाचा एक फ्रेंच माणूस धूमकेतूंच्या मागं वेडा होता. 1758 साली एक धूमकेतू पाहता पाहता त्याला वृषभ राशीत, बैलाच्या एका शिंगाच्या टोकाशी असाच धूसर ठिपका दिसला, पण तो काही जागचा हलेना. मग त्यानं अशा फसवणाऱ्या, न हलणाऱ्या डागांची यादीच करायला घेतली, आणि तू पाठवलेलं पुष्य त्या यादीत 44 नंबरला आहे. म्हणजे तू ज्याला फसली त्याची नोंद त्या माणसाला पण करून ठेवावी लागली, तर वाईट वाटून घेऊ नको. आणि तो शिंगाजवळचा, यादीतला पहिल्या नंबरचा ठिपका, त्याला क्रॅब नेब्युला म्हणतात, 1054 मध्ये चिनी लोकांनी तिथं एक तारा दिवसाढवळ्या दिसेल एवढा पेटलेला पाहून लिहून ठेवला होता, त्याचाच तो उरलेला धूर, आणि 1968 मध्ये त्याच्या पोटात पल्सार सापडला, म्हणजे गरागरा फिरत ठरावीक ठोक्यानं रेडिओ लहरी पाठवणारा, ताऱ्याचा उरलेला गाभा, सेकंदाला जवळपास 30 गिरक्या घेणारा.

पल्सारचं तू विचारलं होतं म्हणून जरा थांबून सांगतो. जोसेलिन बेल तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होती, तुझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. रेडिओ दुर्बिणीतून रोज जवळपास 30 मीटर कागद निघायचा, नुसत्या शाईच्या रेघा, आणि ती तो सगळा डोळ्यांनी तपासायची. 1967 च्या ऑगस्टमध्ये त्यात एक बारीक खरखर दिसली, बोटाच्या पेराएवढी पण नाही. दुसरा कोणी असता तर गाडीच्या इंजिनाचा नाहीतर कुठल्या मशीनचा त्रास म्हणून सोडून दिलं असतं. तिनं मागचे कागद उलगडले तर तीच खरखर आकाशाच्या त्याच जागेवरून येत होती, आणि रोज साधारण 4 मिनिटं आधी येत होती. तारे रोज 4 मिनिटं आधी उगवतात बेटा, माणसाचं घड्याळ तसं चालत नाही, म्हणजे ते ताऱ्यांकडचंच होतं. मग नोव्हेंबरात कागद जोरात पळवून पाहिला तर 1.337 सेकंदाला एक ठोका, पुढचा ठोका पुन्हा तेवढ्याच अंतरानं. तोच सापडलेला पहिला पल्सार. अशा ताऱ्यांचे ठोके आज आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर मोजतात, नारायणगावजवळ, 45 मीटरच्या 30 अँटेना आहेत. विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना आत पाहायला सोडतात, एकदा तुला नेतो.

आता माझं सांगतो, कारण ही चूक तू करू नये असं मला मनापासून वाटते. 1996 च्या मार्चमध्ये हयाकुताके धूमकेतू आला होता. मी तेव्हा वावरात माळ्यावर जागलीला असायचो, रोही आणि डुकरं तुरी-हरभऱ्याचं फार नुकसान करायचे. माझी आजी सप्तर्षीला बाज म्हणायची, त्या बाजेपासून तो धूमकेतू ध्रुवाकडं सरकला आणि एवढा जवळून चालला होता की अर्ध्या-पाऊण तासात त्याची जागा बदललेली डोळ्यानं कळत होती. मी वहीच्या मागच्या पानावर चार चित्रं काढली, शेपूट, शेजारचे तारे, सगळं. आणि वेळ लिहिली नाही. तारीख पण नाही. ते पान अजून माझ्याजवळ आहे, पण त्याच्यावरून आज काहीच मोजता येत नाही, ते पाहिलं की अजूनही जीव हळहळतो.

म्हणून दुर्बीण कोणती घेऊ या प्रश्नाचं उत्तर असं आहे की सध्या घेऊ नको. वीस-पंचवीस हजार घरात आता कुठून काढायचे, आणि हलत्या स्टँडची स्वस्त दुर्बीण माणसाला आकाशाचा कंटाळा आणते, मी पाहिलं आहे. माझी 10 बाय 50 ची बायनॉक्युलर घेऊन जाजो. मोबाइलच्या टॉर्चवर लाल पतंगी कागद दुहेरी बांधजो, नाहीतर एकदा पांढरा उजेड डोळ्यात गेला की अर्धा तास गेला. गावातल्या हायमास्टपासून तुमचं वावर दूर आहे, पुण्या-मुंबईची पोरं असल्या अंधारासाठी गाड्या करून जातात.

आणि वही. तारीख, वेळ मिनिटासकट, ढग होते का, चंद्र होता का, कुठल्या ताऱ्याच्या कोणत्या बाजूला दिसलं. नाही दिसलं तर नाही दिसलं असं लिहायचं, ती पण नोंदच आहे. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू कोजागिरीच्या आसपास संध्याकाळी पश्चिमेला होता, सोयाबीन काढायच्या धांदलीत आपल्या गावात मोजक्याच लोकांनी पाहिला, काहींना चांदण्यात दिसलाच नाही, पण कोणत्या दिवसापासून दिसेनासा झाला हे कोणाच्याच वहीत नाही.

लघुग्रहाला, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान खडकाला, शेपूट-बिपूट काही नसते, तो साधा ताराच वाटतो. वेस्टा नावाचा लघुग्रह बायनॉक्युलरमधून सापडतो, आजूबाजूचे सगळे तारे वहीत काढायचे, तीन-चार रात्रींनी पुन्हा काढायचे, जो सरकला तो वेस्टा. कॉम्प्युटरवर पण हेच काम असते. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशनवाले शाळा-कॉलेजच्या टीमला हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो फुकट देतात, एकाच जागेचे चार, थोड्या थोड्या वेळानं काढलेले, आणि ते एकामागून एक फिरवून सरकणारा ठिपका शोधायचा. चारही फोटोंत तो सरळ रेषेत, सारख्या टप्प्यानं सरकला पाहिजे, नाहीतर कॅमेऱ्याचा दोष समजायचा. विंडोजवाला लॅपटॉप लागतो, तो शाळेतून मिळवून देतो, तू तीन-चार मैत्रिणी जमव. फक्त पहिला ठिपका सापडला की पेपरात बातमी नको, पक्कं व्हायला वर्षं लागतात.

घाईचं एक उदाहरण तर आपल्या विदर्भातलंच आहे. 2 एप्रिल 2022 ला संध्याकाळी आकाशातून जळते तुकडे गेले आणि सगळे उल्का उल्का करत सुटले. पण उल्का एक-दोन सेकंदात विझते आणि हे सावकाश सरकत गेले होते, कोणी नुसते सेकंद मोजले असते तरी शंका आली असती. नंतर सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला लोखंडासारखी भली मोठी रिंग पडलेली सापडली, रॉकेटचे अवशेष होते ते.

आज रात्री लाईन आहे ना? मग मोटारपंपाच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला पाठ टेकून बस, डोकं हलू देऊ नको, आणि डोळ्यासमोरच्या विजेच्या खांबामागं एखादा ठळक तारा कधी लपतो त्याची वेळ सेकंदासकट लिहून घे. उद्या त्याच जागी, तशीच बसून तोच तारा पाहजो. दोन्ही वेळा मला पाठव, मग शनिवारी बायनॉक्युलर घ्यायला ये.